संगणक जुळणी : सुट्या भागांची सुसंगतता

सुटे भाग निवडून डेस्कटॉप संगणक जुळवताना ते एकमेकांत बसणे, त्यांनी एकमेकांना ओळखणे व सर्वांना पुरेशी वीज मिळणे म्हणजे सुसंगतता. निवडीचा आरंभ प्रोसेसर आणि मदरबोर्ड या जोडीपासूनच करावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटसाठीच्या प्रोसेसरला १,३३१ पिना असतात. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये पिना बोर्डावर गेल्या आणि संपर्कबिंदू १,७१८ झाले. मात्र सॉकेट जुळले म्हणजे काम झाले असे नव्हे. बोर्डावरील बायोस जुने असेल, तर नवा प्रोसेसर नीट बसूनही पडदा काळाच राहतो. नवख्याला सर्वांत जास्त हैराण करणारी अडचण हीच. म्हणून बोर्डाच्या उत्पादकाने दिलेली प्रोसेसरांची यादी व बायोसची आवृत्ती खरेदीपूर्वीच पाहावी. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येते.

डीडीआर४ व डीडीआर५ रॅमच्या पट्ट्यांना प्रत्येकी २८८ संपर्क असले, तरी त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात.

इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मापाचा बोर्ड ३०५ × २४४ मिमी. असतो. कॅबिनेट घेताना ग्राफिक्स कार्डाची लांबी व कूलरची उंचीही मोजावी.

पॉवर सप्लायच्या सुट्या होणाऱ्या केबली दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नयेत : टोक बसते, पण आतील तारांचा क्रम वेगळा असल्यास डिस्क किंवा बोर्ड जळतो.