तापीकाठची अणुभट्टी आणि १९९४ चा पाऊस



रनाळ्याच्या स्टेशनावरून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत आपल्यापैकी कितीतरी जणी बसल्या असतील. कुणी ऊसतोडीला, कुणी बांधकामावर, कुणी लेकीच्या घरी. नंदुरबार, खांडबारा, चिंचपाडा, नवापूर, मग उकाई-सोनगड आणि पुढे व्यारा. या व्याऱ्याजवळ, नंदुरबारपासून साधारण शंभर किलोमीटरवर, काकरापारचं अणुवीज केंद्र आहे. वर उकाई धरण, खाली काकरापारचा बंधारा आणि त्या पाण्याच्या आधारानं अणुभट्ट्या. पाणी तापीचंच. प्रकाशाला आपण जिच्यात पाय धुतो, तीच तापी पुढे तिकडे जाते.

आज सांगायची आहे ती या केंद्राजवळ १९९४ साली आलेल्या पुराची गोष्ट. अणुभट्टीला भूकंपाचा आणि पुराचा धोका किती, तो कुणी मोजायचा आणि नियम कुणी पाळायला लावायचे, हे त्या गोष्टीतून नीट कळतं.

आधी एक साधी बाब समजून घेऊ. चुलीतली लाकडं बाहेर ओढली की जाळ थांबतो, पण निखारे धगधगत राहतात. अणुभट्टीचं तसंच आहे. ती बंद केली तरी आतलं इंधन बराच काळ उष्णता देत राहतं. त्यावर सतत पाणी फिरवावं लागतं. पाणी फिरवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते. बाहेरची वीज गेली तर डिझेलचं जनरेटर लागतं. तेही बंद पडलं तर इंधन तापत जातं, वितळतं आणि किरणोत्सार बाहेर पडायची भीती निर्माण होते. म्हणून भूकंपाचा विचार करताना नुसती भिंत टिकेल का एवढं पाहून चालत नाही. पुराचा विचार करताना पाणी भट्टीपर्यंत येईल का एवढंच पाहून भागत नाही. पंप, केबल, जनरेटर कोरडे राहतील का, हा खरा प्रश्न असतो.

आता १९९४ चा जून. काकरापारची पहिली भट्टी १९९३ पासून वीज देऊ लागली होती. दुसरीचं काम चालू होतं. १५ आणि १६ जूनला दक्षिण गुजरातेत धो धो पाऊस झाला. केंद्राला लागून मोतीचेर नावाचा तलाव आहे. तो भरत चालला. जादा पाणी सोडायचे दरवाजे वेळेवर उघडता आले नाहीत. पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेल्या वाटांतूनच ते आत शिरू लागलं. रात्रीतून टर्बाइनच्या इमारतीत पाणी भरलं. सकाळच्या पाळीचे कामगार छातीभर पाण्यातून गेले. केंद्रात आणीबाणी जाहीर करून माणसांना बाहेर काढावं लागलं.

मग पाणी उतरलं कसं? त्या काळच्या नोंदी सांगतात, की आपली घरं बुडतील या भीतीनं आसपासच्या गावकऱ्यांनी तलावाचा बांध फोडला आणि पाण्याला वाट मिळाली. कुदळ-फावड्याची माणसं ती. त्यांना अणुशास्त्र माहीत नव्हतं, पण पाणी कुठून आलं आणि कुठून जाईल हे ठाऊक होतं.

नशीब असं, की ती भट्टी त्याआधी चार महिन्यांहून अधिक काळ बंद होती. निखारे बरेच निवले होते. भट्टी पूर्ण जोरात चालू असती तर ती रात्र फार अवघड गेली असती.

ही बातमी लोकांपर्यंत कशी आली, तेही ऐका. केंद्रातल्या एका कर्मचाऱ्यानं गुजराती वर्तमानपत्राला पत्र लिहून पुराची माहिती दिली. त्याच्यावर चौकशी बसली आणि त्याला नोकरीवरून काढलं. तो न्यायालयात गेला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बडतर्फी कायम ठेवली. न्यायालयानं कायद्याच्या नजरेनं जे पाहायचं ते पाहिलं. आपल्या मनात मात्र एक प्रश्न राहतोच. घरात पाणी शिरलं हे शेजाऱ्याला कळायला नको का?

आता भूकंपाकडे येऊ. आपल्या मोठ्या माणसांना शिकवलं जायचं, की दख्खनचा खडक पक्का आहे, इथं धरणी हलत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेनं हा समज मोडला. तेव्हा आपल्या महाराष्ट्रात तारापूरचं अणुवीज केंद्र उभं राहत होतं. ते १९६९ साली सुरू झालं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीची धरणी हलली आणि हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तो भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशात धोका नव्हता, जमिनीत होता. २००२ साली नवा नकाशा आला, तेव्हा तो सगळ्यात कमी धोक्याचा पहिला पट्टाच काढून टाकला. आपला नर्मदा-तापीचा पट्टाही अगदी शांत नाही. १९३८ साली सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. १९७० साली भडोचला धक्का बसला आणि माणसं दगावली.

अणुवीज केंद्रासाठी जागा निवडायची तर नियम काय म्हणतो? जागेपासून ३०० किलोमीटरपर्यंत पूर्वी कुठं, किती भूकंप झाले ते तपासायचं. म्हणजे काकरापारच्या त्या वर्तुळात आपलं रनाळेही आलं. ५ किलोमीटरच्या आत हलू शकेल अशी जमिनीतली भेग असेल तर ती जागा सोडायची. भूकंपाच्या पाचव्या पट्ट्यात केंद्र बांधायचं नाही. दहा हजार वर्षांत एखाद्या वेळी येईल असा धक्का धरून, तो बसला तरी भट्टी बंद व्हावी आणि थंड राहावी, असं बांधकाम करायचं. पुरासाठी, समुद्रकाठी असेल तर वादळाची आणि त्सुनामीची लाट मोजायची. नदीकाठी असेल तर सर्वांत मोठा पाऊस मोजायचा आणि वरचं धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल तेही मोजायचं. काकरापारच्या वर तर उकाई आहे. १९७२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या फुगवट्यानं नवापूरकडच्या आपल्या आदिवासी बायांची घरं-शेतं गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडालं. उकाईचं पाणी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे नियम पाळले जातात का, हे पाहणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं. त्याची कचेरी मुंबईत आहे. त्याचं काम मोलाचं आहे, यात शंका नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपात काकरापार सुरक्षित चालू राहिलं. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या पंपघरात समुद्राचं पाणी शिरलं, तरी चालू असलेली भट्टी नीट बंद करता आली. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. आपल्या बचत गटाचं बघा. पैसे सांभाळते ती सचिव, आणि हिशेब तपासणारी दुसरी. तपासणारी जर सचिवाच्याच हाताखाली असेल तर? ती प्रामाणिक असली तरी तिचं बोट कुठं ना कुठं अडखळणारच. हे मंडळ अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली होतं. आयोगाचे अध्यक्ष तेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. आणि केंद्रं चालवणारी कंपनीही त्याच खात्याची. १९९३ ते १९९६ मंडळाचे अध्यक्ष असलेले ए. गोपालकृष्णन यांनी पद सोडल्यावर हेच जाहीरपणे पुन्हा पुन्हा सांगितलं. २०१२ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, अहवालात तेच लिहिलं, की मंडळाला कायद्यानं स्वतंत्र स्थान नाही. नियम मोडला तर दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये! आपल्या गटात हप्ता चुकवणाऱ्यांना लागणारा दंडही कधी कधी याच्या जवळपास जातो. २०११ साली स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक संसदेत आलं, पण ते मंजूर न होताच गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं नवा अणुऊर्जा कायदा केला आणि मंडळाला कायद्यात स्थान दिलं. त्याच कायद्यानं खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. म्हणजे तपासणारीचं काम आता वाढलं आहे. तिचा कणा किती ताठ राहतो, ते पुढे दिसेल.

नियम कधी बदलतात? बहुतेक वेळा पाणी येऊन गेल्यावर. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये प्रचंड भूकंप झाला. फुकुशिमाच्या चालू भट्ट्या धक्क्याबरोबर आपोआप बंद पडल्या, जनरेटर सुरू झाले. तोवर सगळं नियमाप्रमाणे झालं. मग साधारण १४-१५ मीटर उंच लाट आली. केंद्राची तयारी सहा मीटरच्या आतल्या लाटेची होती. तळघरातले जनरेटर बुडाले आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. दीड लाखाहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. मूळची तिथली टेकडी ३५ मीटरची होती. ती कापून १० मीटरवर आणली आणि तिथं केंद्र बांधलं होतं.

त्याच किनाऱ्यावर ओनागावा नावाचं दुसरं केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्राला ते फुकुशिमापेक्षा जवळ होतं, तरी ते वाचलं. ते बांधताना यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्यानं, शेकडो वर्षांपूर्वीच्या लाटांची आठवण धरून, केंद्र उंचावरच हवं असा हट्ट धरला होता. त्या दिवशी घर वाहून गेलेले गावकरी आसऱ्याला त्याच केंद्रात गेले. जुनी आठवण जपली, म्हणून माणसं वाचली.

फुकुशिमानंतर आपल्याकडेही सगळी केंद्रं पुन्हा तपासली. मोठा धक्का बसला की भट्टी आपोआप बंद होण्याची सोय तोवर नरोरा आणि काकरापारलाच होती. ती इतर ठिकाणीही करायचं ठरलं. बाहेरून पाणी आत घालायला नळजोडण्या आणि जादा डिझेल पंप आले. काकरापारच्या नव्या दोन मोठ्या भट्ट्यांत वीज गेली तरी उष्णता काढून घेणारी सोय आहे.

आपल्या कोकणात याच काळात जैतापूरचा वाद पेटला होता. माडबन, मिठगवाणे, साखरी नाटे इथल्या बाया रस्त्यावर आल्या, कितीतरी घरांनी भरपाईचे चेक घेतले नाहीत. एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एक जण गेला. त्याच वर्षी रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या दोन भूकंपशास्त्रज्ञांनी लिहिलं, की त्या भागात आजवर मोठा भूकंप नोंदला नाही म्हणून पुढे होणार नाही असं धरता येत नाही. किल्लारीनं हेच शिकवलं होतं. सरकारी बाजूचं म्हणणं, जागा उंच कड्यावर आहे आणि अभ्यास झालेला आहे. वाद कुणी जिंकला हे मी सांगायला बसले नाही. पण ज्यांच्या घराशेजारी भट्टी येणार त्यांनी विचारणं हा गुन्हा नाही, एवढं मात्र म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आपण तर शंभर किलोमीटर लांब. खरं आहे. आणीबाणीची तयारी केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंत धरतात, आपलं गाव त्यात येत नाही. पण आपली माणसं तिकडं मजुरीला जातात. नकाशातलं गाव जागेवर राहतं, माणूस फिरतो. म्हणून तिकडं कामाला जाणाऱ्या बाईनं मुकादमाला विचारावं, की भोंगा वाजला तर जमायचं कुठं आणि आम्हाला सांगणार कोण? अशा वेळी नियम साधा आहे. घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, उघड्यावरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही आणि प्रशासन सांगेल तसं वागायचं.

आणि आपल्या गावासाठी? सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजचे दरवाजे उघडण्याआधी सूचना कुणाला मिळते, ती वस्तीवरच्या बाईपर्यंत कधी पोचते, हे ग्रामसभेत विचारा. २००५ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असतो, तो पाहायला मागा. आणि एक काम आजच करा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा, तुमच्या आठवणीत पाणी कुठवर आलं होतं? ती बोट दाखवेल त्या भिंतीवर रेघ ओढा, साल लिहा. गटाच्या वहीतही नोंद करा.

मोतीचेरचा बांध फोडणाऱ्या माणसांना कुणी आधी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारेपर्यंत वाट बघायची नाही.

येते मी. काळजी घ्या.