आधी तेल, मग उटणे

वाचकहो, दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल लावून मग उटणे चोळायचे, ही रीत आपल्या घरोघरी आहे. पण आधी तेल का, असे वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले तर? चेहरा कशाने धुवावा, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

तेल कातडीची ओल राखते. उटण्याचे पीठ जास्तीचे तेल आणि मळ उचलून घेते. कातडी स्वच्छ होते, पण कोरडीठाक पडत नाही. आयुर्वेदात याला उद्वर्तन म्हणतात. वाताच्या माणसाची कातडी रुक्ष, कफाच्या माणसाची स्निग्ध, हा भेदही आपल्या वैद्यांनी केव्हाच ओळखला होता. सातव्या शतकाच्या सुमाराच्या वाग्भटाने तर ‘अष्टांगहृदया’त सहा ऋतूंसाठी चेहऱ्याचे सहा लेप सांगितले. शिशिरात काळे तीळ नि जव. ग्रीष्मात दूर्वा, ज्येष्ठमध, चंदन. शिवाय ताकीद दिली, की लेप तोंडावर वाळू देऊ नका. ओला करून काढा आणि नंतर तेल लावा.

पुढे साबण आला. १८८८ साली सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. १९१६ साली म्हैसूर संस्थानाने बंगळूरला साबणाचा कारखाना काढला. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. साबणाचे उपकार मोठेच. हात धुण्याला आजही त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण एकच वडी आजीला, नातवाला आणि कामकऱ्याला, असे होऊन बसले. ऋतू आणि प्रकृती दोन्ही मागे पडली.

१९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले, की कातडीवर किंचित आंबट असे संरक्षक आवरण असते. साधा साबण असतो खारा. त्याने ते आवरण काही काळ विसकटते. कोरड्या कातडीला हे फार जाणवते.

आता आपल्या कन्हानचेच पाहा. जवळच कोळशाच्या खाणी, रस्त्याला ट्रकांची धूळ. वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, पौषात ओठ फुटतात. दोन्ही वेळी एकच वडी कशी चालावी?

तेव्हा एक सोपी परीक्षा करा. चेहरा नुसत्या पाण्याने धुऊन तासभर काही लावू नका. कातडी ताणली तर ती कोरडी. तिला साय-पीठ किंवा फेस न येणारे सौम्य द्रावण बरे. सगळा चेहरा चकाकला तर तेलकट. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुवावा. नुसते कपाळ-नाक चकाकले तर मिश्र. तिलाही सौम्यच हवे. मुरुमांवर भरड पीठ घासू नये, लिंबू-सोडा तर लावूच नये. आग किंवा पुरळ उठल्यास डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटी एवढे मुलींना जरूर सांगा. गोरे होण्यासाठी कपड्याच्या साबणाने दिवसातून चारदा तोंड घासणारी पोर तुमच्या वर्गातही असेल. धुण्याने मळ जातो, रंग जात नाही. आणि तो जायचे काही कारणही नाही.