मंडळ्यांची एकी आणि कोर्टाची पायरी

नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. नवापूरकडचे गावित आणि पलीकडचे गामित यांची नातीगोती मात्र ही सीमा आखण्याच्या कितीतरी आधीची. इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास पाहतानाही सीमेच्या दोन्ही बाजूंना पाहावे लागते. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम होते. त्याच लोहमार्गावर पुढे, व्यारा येथे, अमेरिकेतून आलेल्या ब्रदरन मिशनचे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. बोलणी १९२९ पासून चालली होती. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट असे मोठे घटक त्यात होते आणि लहानशी ब्रदरन मंडळीही होती. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. खानदेशातल्या अलायन्स मंडळ्या त्या सहांत नव्हत्या.

ब्रदरन लोकांसाठी ही गोष्ट सोपी नव्हती. त्यांच्याकडे बाप्तिस्मा जाणत्या वयात, पाण्यात तीनदा बुडवून. प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची रीत. बिशप नाही. नव्या चर्चमध्ये बिशप होते आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्माही मान्य होता. ज्याला जो पटेल तो बाप्तिस्मा, अशी मुभा ठेवून तोडगा निघाला. मला हा तोडगा मोठ्या मनाचा वाटतो. पण गुजरातेतल्या काही ब्रदरन सभासदांना तो पटला नाही. आम्ही विलीन झालोच नाही, असे ते म्हणू लागले.

मग प्रश्न उभा राहिला तो देवळांचा, शाळांचा, जमिनींचा. या मिळकती कोणाच्या? वाद कोर्टात गेला. सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा हा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, तो धर्मादाय आयुक्तांच्या कायद्याने सोडवायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. पुढे २०१३ साली त्याच न्यायालयाने निकाल दिला, की नुसत्या ठरावाने संस्था विलीन होत नाही. कायद्यातली रीत पाळली गेली नव्हती, म्हणून ब्रदरन विश्वस्त संस्थेच्या मिळकतींवरचा नव्या चर्चचा दावा टिकला नाही. नागपूरच्या सोहळ्याला तोवर त्रेचाळीस वर्षे होत आली होती. तेव्हाची तान्ही मुले चाळिशी ओलांडून गेली होती.

एकीचा प्रयत्नच चुकीचा होता, असा अर्थ मी यातून काढत नाही. पण एखादी मंडळी मोठ्या संघात जाते तेव्हा दोन कामे असतात. एक मनांचे, दुसरे कागदांचे. पहिले झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. उद्या सातपुड्याच्या पायथ्याची एखादी मंडळी असा विचार करील, तर तिने ठराव गावाच्या बोलीत सगळ्यांना वाचून दाखवावा. ज्यांना जायचे नाही त्यांनी उपासना कुठे करायची आणि मयत कुठे पुरायचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे. नागपुरात बाप्तिस्म्याबाबत जी मुभा ठेवली गेली, तशी ती जागेबाबतही ठेवता आली असती.