सुई, नोंदवही आणि वारी

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. विणेकरी, टाळकरी, अन्नदाते यांच्याविषयी बाकीची मंडळी लिहितीलच. आम्ही वारीच्या वाटेवरच्या मरणाविषयी लिहितो, आणि त्या मरणाचा हिशेब ठेवणाऱ्या सरकारविषयी.

जुन्या काळी वारीचा मोठा वैरी म्हणजे पटकी. हगवण-उलटी लागली की धडधाकट माणूस दिवसभरात जायचा. लोक म्हणायचे, मरीआई कोपली. खरं कारण पाण्यात होतं. कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८४ साली कलकत्त्यात तळ्याच्या पाण्यातच हा जंतू शोधला. रोग्याची घाण पाण्यात जाते आणि तेच पाणी दुसरा पितो. चंद्रभागेत स्नान तिथंच, पिणंही तिथलंच. वारकरी घरी परतला की पटकीही त्याच्यासंगं गावात यायची.

पूर्वीचे राजे सारा मोजायचे, मेलेली माणसं मोजत नसत. इंग्रज सरकारने १८७२ साली देशाची पहिली शिरगणती केली. गावात जन्ममृत्यूची वहीही आली, तिला आपण कोतवाल बुक म्हणतो. कुठं किती मेले हे कळलं, तर रोग कुठं आहे हे कळतं. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मोजणाऱ्याच्या हातात सत्ताही आली.

१८९७ साली प्लेगसाठी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे शिपाई घरात शिरले. देवघरं, माजघरं धुंडाळली, रोग्यांना धरून नेलं. लोक इतके चिडले की २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडसाहेबावर गोळी झाडली. त्याच पुण्यात, त्याच साली, सावित्रीबाई फुल्यांनी प्लेगचं एक पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं असं सांगतात. सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला दवाखान्यात दोघांनीही नेलं. एकाने धरून नेलं, दुसरीने पाठीवर नेलं. फरक तेवढाच, पण तो फार मोठा आहे.

पुढे पंढरीच्या वाटेवर पटकीची सुई आली. टोचून घेतल्याशिवाय पुढं सोडत नसत. विहिरीत लाल औषध टाकत. आमचे आजोबा सांगायचे, एका साली आपल्या दिंडीतली काही माणसं नाका चुकवून आडवाटेने गेली. त्यांच्यात एक लेकुरवाळी होती. तिला वाटेतच पटकी झाली. सुई घेतली असती तर ती वाचली असती, असं छातीठोक सांगता येत नाही. त्या काळची ती लस सगळ्यांना तारत नसे आणि तिचा जोरही थोडेच महिने टिके. पण तिला बाभळीखाली ठेवून दिंडी पुढं गेली, हे आजोबांना मरेपर्यंत सलत राहिलं. सरकारच्या वहीत ती एक आकडा झाली असेल. आपल्या दिंडीच्या वहीत तर तेवढीही नाही. आम्ही तिचं नाव शोधलं, सापडलं नाही.

२०२० साली कोरोनाने वारीच थांबवली. १ जुलैच्या आषाढीला माउलींच्या, तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. आम्ही शेताच्या बांधावर टाळ घेऊन उभे राहिलो. मनात राग होता, खोटं कशाला बोलावं? पण ती लेकुरवाळी आठवली आणि आम्ही गप्प बसलो. पुढच्या सालीही वारी चालत गेली नाही. २०२२ साली पाय पुन्हा वाटेला लागले, तेव्हा काही जागा रिकाम्या होत्या.

सरकारने मोजावं, टोचावं, पाणी शुद्ध करावं. ते त्याचं काम आहे आणि आपण त्याला आडवं जाऊ नये. जबरदस्ती झाली तर मात्र बोलावं. पण सरकारला लाख माणसांचा हिशेब असतो, त्यात एकाचं तोंड दिसत नाही. ते तोंड दिंडीला दिसलं पाहिजे. आपण एकमेकांच्या पाया पडतो, कारण समोरच्यात पांडुरंग आहे म्हणतो. मग तो आजारी पडल्यावर पांडुरंग कुठं जातो?

म्हणून शंभराव्या वर्षी आमचं एवढंच मागणं आहे. दिंडीच्या वहीत प्रत्येकाचं नाव, गाव आणि आजार लिहावा. कोणी आडवा झाला तर दोघांनी त्याच्यापाशी थांबावं. त्यांची एकादशी तिथंच पोचली असं समजावं. वहीचं पहिलं पान कोरं सोडावं. ते तिचं आहे.

राम कृष्ण हरी.