वाड्याचा दरवाजा आणि विटांची भिंत

पुणे, वाई, सातारा या भागांतल्या जुन्या वाड्याची रस्त्याकडची भिंत सहसा अगदी साधी असते. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर पातळ विटांचे बांधकाम, तळमजल्यावर खिडक्या मोजक्या आणि त्याही उंचावर. घराची सगळी नटवणूक एकाच ठिकाणी गोळा झालेली दिसते, ती दरवाजाशी. या मांडणीत वीट पार्श्वभूमीचे काम करी. तिच्याकडेच सजावट म्हणून पाहण्याची रीत फार उशिरा आली.

महाराष्ट्रात विटेचे बांधकाम पेशवाईच्या कितीतरी आधीचे आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे त्रिविक्रम मंदिर आणि उत्तरेश्वर मंदिर ही विटांची जुनी मंदिरे आहेत. उत्तरेश्वराची कोरीव लाकडी द्वारशाखा आज तेरच्याच लामतुरे संग्रहालयात आहे. भिंत विटेची आणि दाराची चौकट लाकडाची, अशी ही वाटणी. जिथे मोकळी जागा सोडायची आणि नजर खिळवायची तिथे लाकूड, जिथे वजन आणि ऊन-पाऊस झेलायचा तिथे माती भाजून केलेली वीट. पुढे हजारभर वर्षांनी वाडे बांधणाऱ्या गवंड्या-सुतारांनीही दाराशी कामाची वाटणी जवळपास अशीच केली.

पेशवाईतली वीट आजच्या तीन इंची विटेच्या मानाने बरीच पातळ आणि पसरट असे. पातळ असल्यामुळे ती आतपर्यंत नीट भाजली जाई, आणि तेवढ्याच उंचीत चुन्याचे थर अधिक बसत. वाड्यातला मुख्य भार लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पेली. वीट त्याच्या मधल्या जागा भरी आणि बाहेरचा पापुद्रा धरून ठेवी. चुना घाणीत मळला जाई. जमिनीत कोरलेल्या गोल चरातून दगडी चाक बैल किंवा रेडा फिरवी, आणि चुना-वाळूचे मिश्रण लोण्यासारखे मऊ होईपर्यंत ते चाले. त्यात गूळ, बेलफळाचे पाणी, तागाचे तुकडे असे जिन्नस कामाप्रमाणे पडत. पाण्याचा मारा असेल तिथे विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळली जाई. बाहेरच्या भिंतीला अनेक ठिकाणी गिलावा न करता नुसत्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरून सोडत. आतल्या बाजूला मात्र गिलावा बहुधा असेच, आणि चांगल्या घरात तो घोटून गुळगुळीत केलेला असे.

या भिंतीत दरवाजा बसवणे हे सगळ्यांत जोखमीचे काम. चौकट आधी उभी करायची, मग दोन्ही अंगांनी भिंत तिच्याशी सांधत न्यायची. चौकटीच्या वर विटांची कमान घातली की वरचे वजन बाजूच्या भिंतीत उतरते आणि लाकडावर ताण येत नाही. ही कमान दर्शनी बाजूला पुष्कळदा चुन्याच्या किंवा लाकडाच्या महिरपीमागे झाकलेली असे. म्हणजे काम करणारी कमान वेगळी आणि मिरवणारी वेगळी. चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर मधोमध गणपती कोरलेला असतो. तिला गणेशपट्टी म्हणतात. दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, कमळे, क्वचित मोर किंवा पोपट. खाली उंबरठा, तोही बराच उंच, म्हणजे येणाऱ्याची नजर आपोआप खाली जाते आणि मान लवते. मोठ्या दारातच एक लहान दार असते, दिंडी. रोजची ये-जा तिच्यातून. पूर्ण दरवाजा पालखी, घोडा किंवा लग्नाची वरात असेल तेव्हाच उघडे.

भिंतीची जाडी आणि दरवाजाची सुरक्षा यांचा संबंध अडसराच्या खोबणीत नेमका कळतो. अडसर म्हणजे दारामागे आडवा सरकवायचा जाड सागवानी वासा. दार उघडे असताना तो कुठेतरी ठेवावा लागतो, म्हणून बाजूच्या भिंतीत एक चौकोनी बोगदा सोडलेला असतो. अडसर पूर्ण त्यात जातो. बंद करताना त्याला ओढून समोरच्या भिंतीतल्या उथळ खोबणीत टोक रुतवायचे. त्यामुळे दाराच्या एका बाजूची भिंत दाराच्या रुंदीइतकी तरी लांब आणि सलग असावी लागते. बोगद्याच्या कडांना विटा झिजू नयेत म्हणून दगड किंवा लाकूड बसवलेले असते. जुन्या वाड्यात त्या कडेवर हात फिरवला तर वाशाच्या घासण्याने पडलेला गुळगुळीतपणा बोटांना लागतो.

या साऱ्याचे सर्वांत मोठे रूप म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी त्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. भोवतालचा परकोट खाली दगडाचा आणि वर विटेचा आहे. दगडी गढी बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून शाहू महाराजांच्या सांगण्यावरून वरचा भाग विटेचा केला, अशी आख्यायिका पुण्यात सांगितली जाते. तिच्याशिवायही या रचनेचा उलगडा होतो: खाली दगड आणि वर वीट ही रीत साध्या वाड्यांतही सर्रास होती. वाड्याच्या मुख्य दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत, वर नगारखाना आहे. आत शिरताच वाट सरळ जात नाही, वळते. धाकाचा हा सगळा सरंजाम ओलांडून आत आल्यावर भिंतींवर गणपती आणि शेषशायी विष्णू यांच्या चित्रांच्या पुसट खुणा दिसतात. बाहेर खिळे आणि आत देव, असा हा क्रम. 1828 च्या आगीत आतले लाकडी मजले गेले. परकोट आणि दरवाजे राहिले. आज पर्यटक ज्याला शनिवारवाडा म्हणून ओळखतात ती मुख्यतः त्याची प्रवेशाची बाजू आहे.

साध्या वाड्यात दरवाजाच्या आत लागते ती देवडी. दोन्ही बाजूंना उंच ओटे, त्यांवर पहारेकरी किंवा आलेगेले बसत. विटांच्या जाड भिंतीत कोनाडे आणि देवळ्या ठेवलेल्या असत. पणतीच्या काजळीने त्यांचे वरचे टोक काळे पडे. घरमालक भेटेपर्यंत माणसाने थांबायचे ते इथेच, त्यामुळे घराची पत इथल्या घोटीव गिलाव्यावरून आणि लाकडी तक्तपोशीवरून जोखली जाई. गरिबाच्या घरी विटेऐवजी पांढऱ्या मातीची भिंत, पण ओटा आणि कोनाडा तिथेही चुकत नसे.

कायम टिकणाऱ्या या सजावटीवर रोजची आणि सणाची सजावट चढे. पहाटे सडा, मग रांगोळी, उंबरठ्यावर हळदकुंकू, दाराला आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण. सणाआधी चुन्याचा हात आणि कडांना गेरूचा पट्टा. पुरुषांनी बांधलेल्या दारावरची ही सजावट मुख्यतः बायकांच्या हातची, आणि बांधकामाच्या दप्तरांत तिचा हिशेब सापडण्याचे कारण नाही.

उत्तर पेशवाईत लाकडी कोरीवकाम रस्त्याकडे अधिक उघडपणे येऊ लागले. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचे दर्शनी सज्जे आणि सुरूचे खांब हे त्याचे ठळक उदाहरण. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि पहाऱ्याची गरज संपली. दर्शनी भिंती फोडून दुकानाचे गाळे निघाले, देवड्यांत बिऱ्हाडांच्या नावांच्या पाट्या, टपालपेट्या आणि पुढे विजेची मीटरे लागली. पत दाखवणारी जागा सामाईक बोळ झाली, आणि सामाईक जागेच्या डागडुजीला खर्च करणारा कोणी उरला नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे कोसळले. दगडी जोती तग धरून राहिली. मातीच्या भिंती आणि विटांमधले मातीचे थर पाण्याने विरघळले. त्यानंतर आणि पुढे जमिनीच्या वाढत्या किमतींमुळे वाडे पाडण्याचा वेग वाढला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाड्यांची कोरीव दारे-खिडक्या जपली गेली. बाकीची बरीच जुन्या बाजारात गेली.

याच सुमारास विटेची दुसरी कारकीर्द सुरू झाली. केरळात लॉरी बेकर यांनी गिलाव्याविना विटेची घरे बांधून दाखवली. तिरुअनंतपुरममधले सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचे गाजलेले काम. खर्च वाचवणे हा त्यांचा हेतू होता. महाराष्ट्रातल्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये मात्र उघडी वीट हौस म्हणून आली. प्रवेशाच्या एका भिंतीला वीट, तिच्यावर पिवळा दिवा, आणि जमल्यास जुन्या वाड्याचे एखादे दार आरशाची चौकट म्हणून. अनेकदा ती वीटही पूर्ण नसते. सिमेंटच्या भिंतीवर डकवलेला अर्ध्या इंचाचा काप असतो. जिने ऊन-पाऊस झेलायचा ती चित्र झाली आणि जे उघडझाप करायचे ते लाकूड खिळून बसले.

खऱ्या जुन्या भिंतीला उघडे करण्यातही मेख आहे. आतल्या बाजूच्या विटा गिलाव्याच्या भरवशावर रचलेल्या, म्हणून त्या ओबडधोबड असतात आणि गिलावा खरवडला की झडू लागतात. ओल वर चढली की पांढरा लोणा फुटतो. त्यावर सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्याने सुटतो. चुना ओलीला बाहेर पडू देतो. म्हणून वाड्यांच्या दुरुस्तीत जाणते गवंडी दर्जा चुन्यानेच भरतात, आणि विटेवर रंग किंवा चमकदार लेप देत नाहीत.