इंजिन की मोटार?

हिंगोलीच्या दसऱ्याला भाच्याला घेऊन जाण्याचा शिरस्ता मी काही वर्षे पाळीत आलो आहे. रामलीला मैदानावर रावण पेटेपर्यंत पोराला धीर नसतो; त्याचे सारे लक्ष प्रदर्शनातल्या दुकानांकडे. गेल्या वर्षी तो खेळण्यांच्या एका दुकानापुढे जो उभा राहिला तो हलेना. दुकानदाराच्या हातात एक डबी होती आणि दहा हातांवर, दोरी नाही, तार नाही, अशी एक तांबडी गाडी माणसांच्या पायांतून वाट काढीत पळत होती.

"मामा, दिवाळीला मला अशीच गाडी. पण बॅटरीची नको, तेलाची!"

तेलाची गाडी त्याने मोबाईलवर पाहिली होती. ती धूर सोडते, खऱ्या गाडीसारखी ओरडते आणि म्हणून तीच खरी, असे त्याचे म्हणणे. मी "बघू" म्हणालो. मास्तरचे "बघू" म्हणजे काय ते मुलांना चांगले ठाऊक असते. पोर रुसले.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रातले मला फार कळते अशातला भाग नाही. पण 'इंजिन घ्यावे की मोटार' हा प्रश्न मी लहानपणापासून घरात ऐकत आलो आहे. फक्त तो खेळण्याचा नव्हता, विहिरीचा होता. आमच्या भागात तेलावर चालते ते इंजिन आणि विजेवर चालते ती मोटार. भाच्याला उत्तर द्यायचे म्हणून मी चार पुस्तके चाळली, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच घरच्या निघाल्या.

दुरून यंत्र चालवण्याची विद्या शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात, मध्ये तार नसताना, लहरींच्या बळावर पलीकडची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहानशी होडी सोडली आणि काठावर उभे राहून ती हवी तशी वळवली. बघणाऱ्यांना ती जादू वाटली. त्या होडीच्या पोटात बॅटरी होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर चालणारे ते आद्य वाहन विजेचे होते, तेलाचे नव्हे.

मग खेळण्यात तेल शिरले कसे? त्या काळची बॅटरी जड आणि अशक्त होती. तेलाच्या घोटभर थेंबांत जे बळ असते ते बॅटरीच्या शेरभर वजनातही नसे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ च्या सुमारास, रे आर्डेन नावाच्या अमेरिकन माणसाने चिमुकल्या इंजिनासाठी एक युक्ती काढली. प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे असलेला एक प्लग. सुरुवातीला त्याला लहानशी बॅटरी लावून तार लाल करायची, इंजिन फिरू लागले की बॅटरी काढून घ्यायची. पुढे आतल्या दाबाने आणि इंधनाच्या स्पर्शाने ती तार आपोआप लाल राहते. आधी विमानांच्या प्रतिकृतींत आणि मग गाड्यांत हे इंजिन बसले. त्याचे इंधन पेट्रोल नव्हे. ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल यांचे मिश्रण. आमच्या बांधावर उगवणारा एरंड, ज्याचे तेल आजी पोटदुखीला पाजायची, तो परदेशातल्या पोरांच्या गाड्यांचे सांधे मऊ ठेवीत होता!

विजेची गाडीही स्वस्थ बसली नव्हती. १९६६ च्या सुमारास इटलीत रेडिओवर चालणारी विजेची फेरारी विक्रीला आली. १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्श गाडीची विजेची प्रतिकृती काढली आणि हा छंद घरोघर नेला. तरी पुष्कळ वर्षे वाटणी ठरलेली होती. ज्याला वेग आणि गर्जना हवी त्याने तेल घ्यावे, ज्याला कटकट नको त्याने बॅटरी. बॅटरी थोडा वेळ पळे आणि मग तासन् तास चार्ज होत बसे. तेलाची टाकीही लवकरच रिती होई, पण ती पुन्हा भरायला अर्धा मिनिट पुरे. १९९१ साली लिथियमची बॅटरी बाजारात आली, पुढे ब्रशवाचून फिरणाऱ्या मोटारी आल्या आणि पारडे फिरले. आज वेगातही विजेची गाडी मागे नाही. तिला पहिल्याच क्षणाला पुरा जोर मिळतो. इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, तेव्हा कुठे त्याचा क्लच चाकांना धरतो.

मोठ्या गाड्यांची कहाणीही अशीच उलटीसुलटी आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग रस्त्यावर प्रथम ओलांडला तो १८९९ साली, आणि तो कामीय जेनात्झी याच्या विजेच्या गाडीने. तेलाच्या गाडीला हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले तर हात मोडे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला, हँडल गेले आणि विजेच्या गाडीचे दिवस भरले. गंमत पाहा, तेलाचे इंजिन जिंकले ते विजेच्या मोटारीचा हात धरून!

हँडल म्हटले की मला दादांचा हात आठवतो.

माझ्या आजोबांनी मोटेवर भिजवणे केले. चामड्याची मोट, बैलांची जोडी, धावेवरून दिवसभर खालीवर. हा मुलूख तेव्हा निजामाचा; १९४८ च्या सप्टेंबरात तो मोकळा झाला. महाराष्ट्रात मात्र त्याआधीच एक गोष्ट घडली होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना थाटला होता. पुढे १९४६ या एकाच वर्षी त्या घराण्याने पुण्यात तेलाच्या इंजिनांची कंपनी काढली आणि बंगळूरात विजेच्या मोटारींची. घरातल्या जाणत्या माणसांनीसुद्धा दोहोंपैकी एक निवडले नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. वीज पोहोचेल तिथे मोटार, न पोहोचेल तिथे इंजिन. कयाधूकाठच्या आमच्या रानात तार यायची होती, म्हणून आमच्याकडे इंजिन.

दादांनी ते जुनेच घेतले होते. वरची पाटी घासून गेलेली. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबलेली हवाच तापून तेल पेटवते. रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली हे सिद्ध करून दाखवले. त्यामुळे बॅटरी नाही, वायर नाही. सारा कारभार मनगटावर. एका हाताने दाब सोडण्याची कळ उचलायची, दुसऱ्याने हँडल फिरवायचे, जड चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. मग काळ्या धुराचा एक लोट आणि धुक्... धुक्... धुक्धुक्. तो आवाज कोसभर जाई. रात्री दादा भिजवायला गेले की आई त्या आवाजावर झोपत असे. इंजिन थांबले की ती जागी होई. "बारे मोडायला गेले असतील" किंवा "डिझेल संपलं वाटतं" असे पुटपुटत ती उठून दार उघडून बसे.

एका पहाटे हँडल उलटे फिरले आणि दादांचे मनगट मोडले. तोवर तार रानात आली होती. आईने हट्ट धरला, मोटार बसली. बटण दाबले की पाणी! धूर नाही, डिझेलचा खर्च नाही. मीच दादांना म्हणालो, "हे धूड कशाला ठेवता?" भंगारवाल्याला मीच बोलावले. दादा काही बोलले नाहीत. फक्त हँडल त्यांनी काढून ठेवले.

२००५ नंतर भारनियमन आले. एका आठवड्यात दिवसा वीज, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. हळदीला पाणी तर वेळेवर हवे. अशाच माघातल्या एका रात्री दोन वाजता दादा मोटार चालू करायला गेले. मोटार चालू झाली. परतताना बांधावरून पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले आणि ते सरीत पडून राहिले. पाणी त्यांच्या अंगाखालून वाहत होते. घरी आम्हाला काही कळले नाही. मोटारीचा आवाज विहिरीबाहेर येतच नव्हता. पहाटे आई उठली तेव्हा तिने विचारले, "अजून आले नाहीत?" इंजिन असते तर डिझेल संपताच ते थांबले असते आणि आई दारात आली असती. दादा वाचले, पण तेव्हापासून काठीवर आहेत. इंजिन मी विकले, ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नाही.

म्हणून मला इंजिनाचा गहिवर येतो असे मात्र नाही. त्याच हँडलाने त्यांचे मनगट मोडले होते. आता धाकट्या भावाने स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डाचे यंत्र बसवले आहे. तो अंथरुणातून फोन लावतो, मोटार चालू होते, बंद झाली तर फोनवर निरोप येतो. नीट पाहिले तर ही रेडिओवर चालणारी विजेची गाडीच. चाके तेवढी नाहीत. डबी भावाच्या हातात आली, पण वीज अजून दुसऱ्याच्या वेळेने येते. पुढे-मागे सौर पंप बसवण्याचे त्याच्या मनात आहे. तसे झाले तर वीजही आपल्याच रानात पिकेल आणि पाणी उन्हातान्हात, लोकांच्या देखत द्यायचे.

भाच्याला मी बॅटरीचीच गाडी घेतली. मिथेनॉल पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. ते लहान मुलाच्या हाती द्यायची वस्तू नव्हे. सुई फिरवून हवा-तेलाचा मेळ घालणे, खेळून झाल्यावर इंजिन पुसून त्यात तेल सोडणे, हा मोठ्यांचा छंद आहे. बॅटरीही अगदी गरीब नाही. लिथियमची असेल तर फुगलेली वापरू नये आणि निजताना चार्जिंगला लावू नये, एवढे पोराकडून वदवून घेतले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाडी ओसरीवर धावू लागली. दादा बाजेवर बसले होते. गाडी त्यांच्या काठीला दोनदा धडकली तेव्हा ते म्हणाले, "चांगली आहे रे. पण कुठून येते ते कळत नाही."

पोर आत गेले. बैलांच्या साजाच्या पेटीतून एक घुंगरू शोधून आणले आणि दोऱ्याने गाडीच्या मागे बांधले.

"आता कळेल का आबा?"

दादांनी डोळे मिटून ऐकले. "हं. आता कळतंय," म्हणाले. कोनाड्यात इंजिनाचे हँडल होते. दसऱ्याला लावलेले कुंकू त्यावर अजून तसेच होते.