ट्रॉकन, हॉक आणि आपला ‘ड्राय डे’

तळेगावची जनरल मोटर्स आठवते ना? 2020 च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. याच कंपनीकडे 1929 पासून 2017 पर्यंत जर्मनीतली ओपेल होती. ओपेलचं गाव रसेल्सहाइम, मेन नदीकाठचं, आपल्यासारखंच कामगारांचं. तिथली एक नोंद मोटारीपेक्षा साडेचारशे वर्षं जुनी आहे. 1435 सालच्या हिशेबात तिथल्या सरदाराने द्राक्षाची रोपं घेतल्याचं लिहिलंय. ‘रीजलिंग’ या द्राक्षाचा हा पहिला लेखी उल्लेख मानतात.

नदीच्या पलीकडच्या काठाला होखहाइम. इंग्रजांनी त्याचं ‘हॉक’ केलं आणि ऱ्हाइनकडच्या सगळ्याच पांढऱ्या वाइनला ते नाव चिकटवलं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बाजारात चांगली हॉक बोर्दोच्या उंची वाइनच्या तोडीने विकली जायची. राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा मळा तिथे आजही आहे.

मग ही पत गेली कुठे? बरीचशी कायद्याने घालवली. 1971 च्या जर्मन कायद्याने वाइनची प्रत ठरवताना मुख्य माप धरलं ते द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं. मळा कुठला, उतार कसा, याची किंमत उतरली. सपाट जमिनीवर लवकर पिकणारी द्राक्षं लागली आणि स्वस्त, गोडमिट्ट बाटल्या जगभर गेल्या. चांगल्या मळेवाल्यांनी हळूहळू ‘ट्रॉकन’चा, म्हणजे कोरड्या वाइनचा रस्ता पुन्हा धरला. यात लिटरला साखर जास्तीत जास्त 9 ग्रॅम. आपल्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण दहापट असते!

आपल्याकडे मात्र ‘ड्राय’ म्हटलं की ड्राय डे आठवतो.

आपलं माप वेगळं, पण तेवढंच एकांगी. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. नाशिककडे वायनरींची रांग लागली. आपल्या जवळच्या नारायणगावात तर शामराव चौगुलेंची वायनरी 1980 च्या दशकापासूनच होती, तिची फेसाळ वाइन परदेशात जायची. 2008 नंतर मंदी आली, मागणी पडली, नारायणगावची ती कंपनीही कर्जाखाली बुडाली. वाइनची द्राक्षं लावलेल्या अनेकांनी बागा उपटल्या. ही द्राक्षं टेबलावर खायला विकता येत नाहीत, हे धोरण लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं का?

27 जानेवारी 2022 ला मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला. देवळं-शाळांजवळ ती मिळणार नव्हतीच, म्हणजे आपल्या मोरया गोसावी मंदिरापाशीही नाही. तरी गदारोळ झाला आणि निर्णय कागदावरच राहिला. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणाली दारू. माझं म्हणाल तर बारा टक्के अल्कोहोल म्हणजे दारूच; शेतकऱ्याचं नाव घेऊन ती पवित्र होत नाही. पण लोक ही कशासोबत पिणार, किती पिणार, हे कुणीच विचारलं नाही. जर्मनीत ट्रॉकन परत आली त्यात जेवणाच्या ताटाचा मोठा वाटा होता. गोड वाइन जेवणात लवकर नकोशी होते.

रीजलिंगचा जीव आंबटपणात. जर्मन लोक ती नदीतल्या ट्राउट माशाबरोबर आणि डुकराच्या मांसाबरोबर घेतात. माशाच्या ताटात आपली सोलकढी जे करते, तेच ही करते: तोंडातला तेलकटपणा कापते. त्यामुळे तळलेले बोंबील, सुरमई, अळूवडी, कोथिंबीर वडी यांच्याशी जमेल. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं आणि विझवायला साखर नसते, तिथे जराशी गोडसर बरी.

सुलाने नाशिकलाही रीजलिंग केली. पण तिकडे थंड शरद ऋतूत सावकाश पिकणारं हे द्राक्ष आपल्याकडे जानेवारी ते मार्चच्या उन्हात तोडणीला येतं. ऊन वाढलं की आंबटपणा उतरतो, म्हणून तोडणीचा दिवस चुकवून चालत नाही.